मामाजींसाठी वस्तरा

माझ्या सासऱ्यांना लकवा मारला तेव्हा मला या घरात येऊन तीन वर्षं झाली होती. सत्तरचं दशक संपत आलं होतं. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. खळ्यावर धानाचं चुरणं चालू होतं, बैल गोल फिरत होते, आणि काठी धरून उभे असलेले मामाजी उजव्या अंगावर कलंडले. माणसांना वाटलं, पाय घसरला. उठवायला गेले तेव्हा तोंड वाकडं झालेलं दिसलं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढून ते घरी आले. उजवा हात आणि उजवा पाय गेले ते गेलेच. बोलण्यातून 'हूं' आणि 'नाई' एवढंच स्पष्ट उरलं. बाकीचं ते बोलत, पण आम्हाला कळत नसे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. घरात आम्ही चौघं: मामाजी, माझे यजमान, मी आणि आमची दोन वर्षांची मुलगी. अंघोळ यजमान घालत. भरवणं, औषध, कपडे माझ्याकडे आलं. त्यात कौतुकाचं काही नाही, करणारं दुसरं कोणी नव्हतं. भरवताना चमचा त्यांच्या ओठांपर्यंत जायचा, माझा हात जायचा नाही. डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली असायचा. तीन वर्षांत मी मामाजींचा चेहरा समोरून असा नीट पाहिलेलाच नव्हता.

त्यांची दाढी गावचा न्हावी करायचा. आमच्या भागात न्हाव्याला म्हाली म्हणतात. आम्ही सगळे त्याला म्हालीबाबा म्हणत असू. सत्तरीकडे झुकलेला, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. तीस-पस्तीस वर्षं तो दर तिसऱ्या दिवशी सकाळी यायचा आणि मामाजींची हनुवटी गुळगुळीत करून, मिशी कातरून जायचा. लकव्यानंतरही तो येत राहिला. उजवा गाल लोंबलेला, त्यावर वस्तरा धरत नसे, तरी तो दोन बोटांनी कातडी ताणून काम करायचा.

एका सकाळी त्याच्या हातून मामाजींचा ओठ कापला. फार नाही, पण रक्त गळ्यापर्यंत आलं. म्हालीबाबानं तुरटी लावली, वस्तरा पुसला, मिटला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बाई, आता माह्यानं नाही होत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. बोटाच्या अंदाजानं करून राहिलो होतो. आज ओठ कापला, उद्या गळा कापीन."

त्याचा मुलगा लाखनीला हमरस्त्यावर सलून टाकून बसला होता. त्याच्याकडे फिरती खुर्ची होती, आरसे होते आणि ट्रकवाल्यांची रांग होती. गावात येऊन दाढी कर, असं यजमानांनी म्हटलं तर तो हसून म्हणाला, "भाऊ, एक घंटा दुकान सोडलं का गिऱ्हाईक दुसऱ्याच्या खुर्चीत." त्याचंही खरं होतं. एकदा मामाजींना बैलगाडीत गादी टाकून आठ-नऊ मैल त्याच्याकडे नेलं. खुर्चीत ते बसून राहीनात, एका अंगाला घसरू लागले. आणि समोर आरसा. लकव्यानंतर आपलं तोंड त्यांनी पहिल्यांदा तिथं पाहिलं. डाव्या हातानं त्यांनी गळ्याभोवतीचं कापड ओढून काढलं आणि "नाई, नाई" करत राहिले. तसेच परत आणले.

मग यजमानांनी आपल्या पत्तीच्या रेझरनं करून पाहिलं. त्यांचा हात शेतकऱ्याचा. नांगर धरायला चांगला, पण लोंबलेल्या गालावर ते रेझर दाबत. केस निघायचे, वर लाल पुरळ यायचं. तिसऱ्यांदा मामाजींनी त्यांचा हात झटकला. त्यानंतर दाढी वाढू दिली.

वाढलेल्या दाढीला आमच्याकडे एक अर्थ असतो. पाहुणा ओट्यावर चढायचा, मामाजींकडे पाहायचा आणि हलक्या आवाजात मला विचारायचा, "कोण गेलं, बाई?" मामाजींना ऐकू नीट यायचं. पण खरी अडचण वेगळी होती. वाकड्या ओठातून लाळ गळायची, दाढीत मुरायची आणि खाली कातडी सोलवटायची. लाखनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, जागा कोरडी ठेवा, केस ठेवूच नका.

माझा हात स्थिर होता हे मला माहीत होतं. दिघोरीला, माहेरी, मी शिवणकाम शिकले होते. काजं करायला शेजारच्या बाया माझ्याकडे ब्लाउज आणून टाकायच्या. मी यजमानांना म्हटलं, "मी करून पाहू का?"

"रेझरनं?"

"रेझर नाही. वस्तऱ्यानं. म्हालीबाबाच्या वस्तऱ्यानं कधी पुरळ नाही आलं."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाबूजी करू देतील का?"

"ते त्याईले विचारू. आधी वस्तरा तं पाहू."

लाखनीच्या बाजारात जुन्या लोखंडाचा एक व्यापारी पोतं पसरून बसत असे. पाने, जॅक, कुलपं, तुटक्या कात्र्या आणि एका डालडाच्या डब्यात जुने वस्तरे. बंद पडलेल्या दुकानांतून, म्हाताऱ्यांच्या पेट्यांतून आलेले. नवे वस्तरे तेव्हा मिळेनासे झाले होते. सलूनवाले अर्धी पत्ती बसवायची मूठ वापरू लागले होते. मी डब्यातला सगळ्यांत चकचकीत वस्तरा उचलला. पातं आरशासारखं, मूठ दुधाळ पांढरी. यजमान बाजूला उभं राहून दुसरीकडे पाहत होते. व्यापाऱ्यानं विचारलंही नाही कोणासाठी; त्यांच्याचसाठी समजला असेल. मला वाटलं होतं निवड अवघड जाईल. पाच मिनिटंही लागली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो घेऊन मी म्हालीबाबाच्या घरी गेले. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीला लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. तो दारात उन्हाला बसला होता. मी काय मागायला आले हे ऐकून त्यानं मान हलवली.

"वस्तरा म्हंजे विळा नाही, बाई. मले चाळीस वर्सं झाले, अजून भेव लागते. काहून असं डोक्यात घेतलं तुमी?"

मी कारण सांगितलं. लाळेचं, कातडीचं. तरी तो हो म्हणाला नाही. तेवढ्यात आतून त्याची बायको आली. काकी त्याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, अंगानं भक्कम, तोंडात तंबाखू. तिनं माझ्या हातातला वस्तरा विचारल्याशिवाय घेतला.

"त्याईले काय विचारता? धार त्याईनं लावली का कधी? चालवते ते, पाजवतो मी. लग्न झालं तवापासून."

हे गावात कोणालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. म्हालीबाबानं नाकारलं नाही, म्हणजे खरं असावं.

काकीनं वस्तरा उघडला, पातं कानाजवळ नेलं आणि अंगठ्याच्या नखानं धारेला हलकंच छेडलं. पुन्हा छेडलं. मग मला म्हणाली, "ऐका."

मला काही ऐकू आलं नाही.

"तेच. बोलतच नाही हा." ती आत गेली, आणखी एक वस्तरा घेऊन आली. म्हालीबाबाचा, रोजचा. तो छेडला तेव्हा बारीक, लांबणारा आवाज आला, वाटीच्या काठावर नख मारल्यासारखा. "हा बोलते. तुमच्या वस्तऱ्याचं पाणी उतरलं, बाई. कोणी तरी चाकावर धरून चमकवला. चाकावर लोखंड तापते, तापलं का पाणी जाते. आता हा नुसता पत्रा."

तरी मला पटावं म्हणून तिनं तो पथरीवर, धार लावायच्या दगडावर, घासला. काळी, गुळगुळीत, मधून किंचित झिजलेली पथरी होती ती. वर पाण्याचे चार थेंब. वस्तऱ्याला धार आली. माझ्या हातावरचे केस त्यानं सहज काढले. मग तिनं तो चामड्याच्या पट्ट्यावर दहा वेळा फिरवला आणि पुन्हा माझ्या हाताला लावला. एकही केस निघाला नाही. धार मुडपली होती.

"मूठ पाहून घेतला ना व तू?" काकी म्हणाली. आल्यापासून मला 'तुमी' म्हणत होती, इथून पुढं 'तू' म्हणू लागली. "शिंगं पाहून म्हैस घेतेत का कोणी? सड पाहतेत."

त्यांच्या पेटीत देण्याजोगा वस्तरा नव्हता. दोन वस्तरे मुलानं नेले होते. एक झिजून बोटाएवढा उरला होता. रोजचा म्हालीबाबा देणार नव्हता, आणि मी मागितलाही नाही. काकी म्हणाली, "बाजाराच्या दिवशी मी येतो तुह्यासंगं."

आम्ही दोघी एसटीनं लाखनीला गेलो. व्यापाऱ्यानं डबा पुढं सरकवला आणि आमच्या मागे कोणी पुरुष माणूस आहे का ते पाहिलं.

"कोणासाठी पाह्यजे, बाई?"

"हिच्यासाठी," काकी म्हणाली.

बाजूचा कांदेवाला हसला. "मिशी फुटली का जी तिले?"

"तुही काढून दाखवतो, ये," काकी मान वर न करता म्हणाली. कांदेवाला कांदे निवडू लागला.

डब्यात नऊ वस्तरे होते. तिनं ते सगळे पोत्यावर उघडून मांडले. आधी मुठी पाहिल्या, पण मी पाहिल्या तशा नाही. प्रत्येक वस्तरा उघडून बोटात धरून ती हलवायची. ज्यांचं पातं मुठीतल्या खिळ्यावर डुलत होतं, ते दोन बाजूला गेले. "हातात डुलला का गालावर डुलते." एकाच्या धारेला लागून गंजाचे बारीक खड्डे होते, तोही गेला. दुसऱ्या एकावर मोठा काळा डाग होता, मी तो सरकवायला गेले तर तिनं हात धरला. "डाग राहू दे. डाग कापत नाही. खड्डा कापते."

मग तिनं पिशवीतून माझ्या मुलीची खेळायची पाटी काढली. निघताना तिनं ती मागून घेतली होती, कशाला ते मला तेव्हा कळलं नव्हतं. प्रत्येक वस्तरा तिनं पाटीवर आडवा ठेवला. पाठ आणि धार दोन्ही पाटीला एकदम टेकल्या पाहिजेत, मधून उजेड दिसता कामा नये. एक केळीसारखा वाकला होता. एकाची पाठ एकाच बाजूनं झिजून चपटी झाली होती. कोणीतरी वर्षानुवर्षं चुकीचा पाजवला होता. उरले चार.

त्यात एक फार सुंदर होता. मुठीवर नक्षी, पात्यावर वेलबुट्टी कोरलेली. व्यापारी म्हणाला, "हा आंबागडाकडच्या मोठ्या घरातला आहे. जर्मनीचा माल." काकीनं तो छेडला, आवाज आला, पण मध्येच फाटला. तिनं चहावाल्याच्या शेगडीतून चिमूटभर पांढरी राख मागून आणली. पात्याला तेलाचं बोट लावलं, पदरानं कोरडं पुसलं, वर राख भुरभुरली आणि थांबली. राखेत केसाएवढी एक ओली रेघ उमटली, धारेपासून वर जाणारी.

"भेग. तेल आत बसून होतं, बाहेर आलं," ती म्हणाली. व्यापाऱ्यानं वस्तरा उचलून डब्यात टाकला.

तीन उरले. एक पाचरीसारखा जाड आणि जड. त्यानं दाट दाढी निघते, पण नवख्याला त्याचा अंदाज येत नाही. एक फार रुंद. तिसरा मध्यम, म्हशीच्या शिंगाची काळी मूठ, पात्यावर तोच काळा डाग. बघावंसं काही नव्हतं त्यात. काकीनं माझं बोट धरून त्याच्या टोकावरून फिरवलं. टोक गोल होतं. त्या रुंद वस्तऱ्याचं टोक काटकोनी, टोचणारं.

"तू शिकाऊ. तुह्यं लक्ष धारेवर राहीन अन् टोक कानात शिरन. गोल घे. मिशीचा कोपरा साधत नाही गोल टोकानं, पण मिशीचं मागाहून पाहू."

तिनं तो छेडला आणि माझ्या कानाजवळ धरला. या वेळी मला ऐकू आलं. आवाज बारीक होता आणि बराच वेळ टिकला.

वस्तरा आणल्यावर मला वाटलं, आता दाढी. काकीनं आठ दिवस मला वस्तरा घेऊन मामाजींजवळ जाऊ दिलं नाही. पथरीवर तिनं स्वतः धार लावली. ते मला कधीच नीट जमलं नाही. पट्ट्यावर फिरवणं मात्र मला शिकवलं. पाठ पुढं, धार मागं. उलटवताना पाठीवरून उलटवायचा. पहिल्याच दिवशी मी धारेवरून उलटवला आणि पट्ट्याला अर्धं बोट लांब चीर पाडली. काकीनं चिरेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पट्टा उलटा टांगला.

सराव लवकीवर. कोवळ्या दुधी भोपळ्यावर बारीक लव असते. त्यावर साबण फासायचा, फेस आणि लव काढायची, सालीला ओरखडा पडू द्यायचा नाही. म्हालीबाबा दारात बसून ऐकत असे. त्याला दिसत नव्हतं, पण वस्तऱ्याचा आवाज ऐकून तो सांगायचा, "उभा धरला. आडवा कर. पाठ अन् सालीच्या मधात धानाचा एक दाणा मावला पाह्यजे. दोन नाही." त्या आठवड्यात आमच्या घरी रोज लवकीची भाजी झाली. यजमानांनी चौथ्या दिवशी विचारलं, बाजारात दुसरं काही मिळत नाही का. मी म्हटलं, दाढी झालेल्या लवक्या आहेत, फेकू कशा?

नवव्या दिवशी साल चिरली नाही. काकी म्हणाली, "आता माणूस."

म्हालीबाबा उठला, चटईवर पाय पसरून भिंतीला टेकला आणि डोकं मागं केलं. "आधी माही कर."

मी काकीकडे पाहिलं. ती पाणी गरम करायला गेली होती.

"बाबाजी, तुमची?"

"लवकी तोंडानं सांगत नाही कुठं दुखते ते. मी सांगीन. कर."

चाळीस वर्षं लोकांच्या गळ्यावर वस्तरा चालवलेला माणूस डोळे मिटून माझ्यापुढं बसला होता. गरम फडकं ठेवलं, साबण लावला. मी कानापासून सुरुवात केली. तो फेसातूनच बोलत होता. "कातडी ताण. वर. केसाच्या बाजूनं चाल, उलटी जाऊ नोको. दाबू नोको, वस्तऱ्याचं वजनच पुरे." गालावर नीट झालं. हनुवटीच्या खाली एक ठिपका रक्ताचा आला. मी थांबले.

"काय झालं?"

"कापलं, बाबाजी."

"किती?"

"मोहरीएवढं."

"मंग थांबली काहून?"

दाढी संपल्यावर त्यानं दोन्ही हात गालावरून फिरवले, खूप सावकाश, जबड्याच्या कडेनं, कानामागं. एका जागी बोट थांबलं. "इथं रायलं." मी ते काढलं. त्यानं पुन्हा हात फिरवला आणि 'ठीक' म्हणाला. एवढंच. काकीनं चहा आणला. म्हालीबाबाची दाढी त्याआधी कोण करत होतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, स्वतःच करत, चाचपून. लाखनीहून मुलगा सणावारी येतो तेव्हा तो करतो.

मामाजींनी मला सरळ नकार दिला. वाटी आणि वस्तरा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "नाई." यजमानांनी समजावलं, डॉक्टरांचं नाव सांगितलं. "नाई." मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही भिंतीकडेच पाहिलं असतं. सुनेनं सासऱ्याच्या तोंडाला हात लावायचा, हे गावातही काहींना रुचलं नव्हतं. बोडीवर धुणं धुताना माझ्यासमोरच बोलणं झालं होतं.

दोन दिवसांनी काकी म्हालीबाबाचा हात धरून त्याला आमच्याकडे घेऊन आली. तो मामाजींच्या खाटेवर, उशाशी बसला. नेहमी तो उभा राहून काम करायचा. खाटेवर कधी बसला नव्हता.

"पाटील, मी हाय," तो म्हणाला. "माहे डोळे गेले, हात हायेत. कातडी मी धरतो. वस्तरा हिच्या हातात. माही दाढी हिनंच केली, पाहा." आणि त्यानं मामाजींचा डावा, चांगला हात उचलून आपल्या गालावर ठेवला.

मामाजींनी हात लगेच काढून घेतला नाही. मग त्यांनी तोंड सरळ केलं. 'हूं' म्हणाले नाहीत, पण 'नाई'ही म्हणाले नाहीत.

म्हालीबाबानं लोंबलेला गाल दोन बोटांनी कानाकडे ओढून धरला. वाकलेली कातडी सपाट झाली. मी खाली वाकले तेव्हा पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आला. एका हातात वस्तरा होता, दुसऱ्याला फेस. सावरता आला नाही. मामाजींनी डोळे मिटून घेतले. माझ्या सोयीसाठी मिटले असावेत असं मला वाटलं, पण विचारण्याची सोय नव्हती.

त्या दिवशी फक्त दोन्ही गाल झाले. हनुवटी आणि ओठाभोवतीचं राहू दे, म्हणाला म्हालीबाबा. नवख्यानं एका दिवशी सगळं करू नये. त्यामुळे चार दिवस मामाजी गालांनी स्वच्छ आणि हनुवटीला पांढऱ्या गोंड्याचे असे बसून होते. पाचव्या दिवशी हनुवटी झाली. महिन्याभरात ओठाखालची कातडी सुकली, सोलवटणं थांबलं.

म्हालीबाबा सहा-सात वेळा आला असेल. मग कातडी ताणणं मलाच जमू लागलं आणि तो येईनासा झाला. दोन वर्षांनी तो वारला. तोवर त्याची दाढी मी आठवड्यातून एकदा करत असे, काकीच्या अंगणात. त्याबद्दल कोणी काही बोललं असेल तर माझ्यापर्यंत आलं नाही.

मामाजींची दाढी मी सहा वर्षं केली. दर तिसऱ्या दिवशी, सकाळी, ओट्यावर. आम्ही त्या वेळात बोलत नसू. पदर मी आधीच कमरेला खोचून घेऊ लागले. कोणी ते ठरवलं नाही, आपोआप झालं. गोल टोकानं मिशीचा कोपरा साधत नाही हे काकीचं म्हणणं खरं होतं, म्हणून मिशी मी कात्रीनं कातरत असे, भीत भीत. चौथ्या वर्षी धानाचं रोवणं आटोपल्यावर एकदा मामाजींनी डाव्या हातानं मिशीकडे बोट दाखवलं आणि बोटं जुळवून 'बारीक' अशी खूण केली. स्वतःहून काही मागितलं असं ते पहिल्यांदाच.

मी मन लावून कातरली. उजवी बाजू ओठ वाकडा असल्यानं खाली आली, म्हणून ती वर घेतली. मग डावी जाड दिसू लागली. डावी कमी केली. पुन्हा उजवी. शिवणकामात मी कधी कापड वाया घालवलं नव्हतं, इथं माझ्या डोळ्यांसमोर मिशी संपत गेली. शेवटी नाकाखाली दोन करड्या टिकल्या उरल्या. बाप असताना माणूस मिशी काढत नाही आमच्याकडे. मामाजींचे वडील जाऊन वीस वर्षं झाली होती, एवढाच आधार.

मामाजींनी आरशाची खूण केली. सलूनमधल्या त्या दिवसानंतर त्यांनी आरसा पाहिला नव्हता. घरातला आम्ही मुद्दाम आतल्या खोलीत ठेवला होता. मी तो आणून धरला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांच्या छातीतून एक आवाज आला. मला वाटलं, ठसका लागला, आणि मी पाणी आणायला वळले. ते हसत होते. अर्धंच तोंड हसत होतं, डावं, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत. यजमान बैल सोडून धावत आले. त्यांनी बापाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कात्रीकडे पाहिलं आणि ओट्याच्या खांबाला धरून तेही हसू लागले. मामाजींनी हातानं खूण केली, ते राहिलेलंही काढ. मी काढलं.

मामाजी गेले त्या वर्षी थंडी फार होती. आदल्या दिवशी मी त्यांची दाढी केली होती, त्यामुळे वेगळं काही करावं लागलं नाही. क्रियेला म्हालीबाबाचा मुलगा लाखनीहून आला आणि त्यानं यजमानांचं डोकं केलं.

वस्तरा नंतर शिवणयंत्राच्या खणात पडून राहिला. जुनी टीप उसवायला तो बरा पडायचा. एकदा काकी आली, तेव्हा मी ओट्यावर बसून एक झंपर उसवत होते. तिनं हातात काय आहे ते पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला.

"सुतानं धार मरते, व."

"आता दाढी कोणाची कराची, काकी?"

तिनं वस्तरा घेतला, उजेडाकडे धरून धार पाहिली, कमरेची पिशवी सोडून तो मिटून तिच्यात ठेवला आणि माझ्याकडे कात्री मागितली. राहिलेला झंपर तिनंच कात्रीनं उसवून दिला.